बटाट्यांचं पोतं

बेसिलने रबरी होडी लाव्ह्याच्या काळ्या खडकाशी नेली, लाट फुगलेली बघितली आणि ओरडला, "आता!"

ओडेटबाईंनी उडी मारली नाही.

लाट खाली बसली, होडीही बसली. बेसिलने इंजिन मागे घेतलं आणि मामाकडे, म्हणजे सेल्विनकडे, पाहिलं. सेल्विन आमच्या त्रिस्तानचा, म्हणजे दक्षिण अटलांटिकमधल्या आमच्या बेटांचा, तपासनीस. आमच्या मोठ्या बेटावरून नाइटिंगेल बेटावर पक्षी बघायला निघालेल्या प्रत्येकाची झडती, बाहेरचं बी किंवा जनावर तिकडे जाऊ नये म्हणून, तोच घेतो, आणि घेतो म्हणजे जीव नकोसा करून सोडतो. सकाळी धक्क्यावर त्याने ओडेटबाईंचे खिसे उलटे केले, मोजे उजेडात धरून बघितले आणि एका शिवणीतून गवताचं बी टाचणीने उकरून काढलं. सत्तरी ओलांडलेल्या बाई, बेल्जियमहून आलेल्या, निमूट उभ्या होत्या. वर त्यांनी त्याचे आभार मानले.

बाई एका पक्ष्यासाठी आल्या होत्या. जाड चोचीचा, पिवळट, चिमणीहून थोडा मोठा. जगात फक्त नाइटिंगेलच्या झाडीत सापडतो. मागच्या खेपेला समुद्राने उतरूच दिलं नव्हतं. आज समुद्र त्यातल्या त्यात शहाण्यासारखा वागत होता, पण होडी जिथून सुटली ते बाहेर नांगरलेलं जहाज संध्याकाळी केपटाउनला निघणार होतं. पुढच्या खेपेचं या वयात कुणी कुणाला सांगावं!

दुसरी लाट आली. "आता!" बाई तशाच.

सेल्विनचा पारा चढला. "काय हो बाई, बेल्जियमहून होडीत बसायला आलात का?"

बाई खाली बघत होत्या. त्यांच्या पायाशी बेटावरच्या झोपडीत न्यायचं बटाट्यांचं पोतं होतं. पोतं सेल्विनचं, बटाटे त्याच्याच शेतातले. ते कुणी उघडून बघितलं नव्हतं. तपासणाऱ्याला कोण तपासणार? उडीसाठी पाय रोवताना बाईंना पोत्याच्या कोपऱ्यात भोक दिसलं. तागाचे धागे ताजे तुटलेले, आणि आतल्या बटाट्यावर बारीक दातांचे पांढरे व्रण.

उंदीर. आमच्या मोठ्या बेटावर ते फार पूर्वी एका फुटलेल्या जहाजातून आले, आणि आता तिथे असला पक्षी औषधालाही उरलेला नाही. नाइटिंगेलवर अजून एकही उंदीर नाही. एक गाभण उंदरीण पुरे. हे सगळं बाईंना पाठ होतं. आणि हेही कळत होतं की गप्प बसलं तर बेट एका उडीवर आहे, बोललं तर आज कुणीच उतरणार नाही. नुसता संशय आला तरी अख्खं जहाज पुन्हा तपासल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा नियम सकाळी सेल्विननेच दम देऊन सांगितला होता. दोन लाटा बाईंनी यातच घालवल्या. त्यांना नावं ठेवणाऱ्याने आधी तेवढं लांब येऊन दाखवावं.

"तुमच्या पोत्याला भोक आहे," त्या म्हणाल्या.

"जुनं असेल," सेल्विन म्हणाला. न बघताच.

"मामा," बेसिल हळूच म्हणाला, "पोतं नवं आहे. तूच काल पहिल्यांदा भरलंस."

सेल्विनने वाकून बघितलं. सगळ्या जगाच्या नाकी नऊ आणणारा माणूस, आणि घाण निघाली त्याच्याच घरातून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेसिल म्हणाला, दे फेकून समुद्रात. सेल्विनने मान हलवली. उंदीर पोहतो, आणि खडक तर हाताशी. खोल पाण्यात न्यायचं आणि वजन बांधून बुडवायचं, दुसरा इलाज नाही. पोत्याच्या तोंडाची गाठ सैल झाली होती, ती त्याने दोन्ही मुठींत आवळली. बेसिलचे हात इंजिनात अडकलेले. राहिलं भोक.

ओडेटबाई होडीच्या तळाशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी भोकावर दोन्ही तळवे दाबले. दुर्बीण गळ्यात लोंबत राहिली. पाठ बेटाकडे.

होडी वळली. सेल्विनला समोर बेट दिसत होतं. तो म्हणाला, "बाई, तुमचा पक्षी खाली आलाय. खडकावरच्या गवतात बसलाय. एवढा खाली कधी येत नाही तो. बघून घ्या, मी धरतो एका हाताने."

"नको, तुमच्या दोन्ही मुठी गाठीवरच राहू द्या. दुर्बिणीशिवाय मला तो दिसायचा नाही, आणि दुर्बिणीला हात लागतात. तुम्ही सांगा, कसा आहे?"

सेल्विन गडबडला. जन्म गेला त्याचा इथे, हजारदा बघितलेला पक्षी, पण कसा आहे असं कुणी विचारलंच नव्हतं. "पिवळा," तो म्हणाला. "म्हणजे, पोटाशी पिवळा. पाठीवर शेवाळासारखा. मान तिरपी केलीय, आपल्याकडेच बघतोय..."

बाईंच्या तळव्यांखाली काहीतरी वळवळलं. त्यांनी हात आणखी दाबले.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "गातोय का तो?"