जपानला दिसायचं होतं

"कस्तुरी, झाडू घे आणि कपाटामागे जाऊन बस," खरात बाई म्हणाल्या. "जपानच्या शाळेतली मुलं आत्ता व्हिडिओ कॉलवर येतील. आपल्याकडे पोरं वर्ग झाडतात, हे त्यांना दिसायला नको."

अगं, काल माझा झाडायचा वार होता ना. जपानला दिसायचं म्हणून मी नव्या रिबिनी लावून गेले होते, आणि बसले कुठे, तर कोळिष्टकांत.

कॉल लागला. मी फटीतून बघत होते. थोड्या वेळानं तिकडे घंटा झाली, आणि ती सगळी पोरं फडकी घेऊन स्वतःचा वर्ग पुसायलाच लागली. त्यांच्या बाईसुद्धा. मग एकीनं इंग्रजीत विचारलं, "तुमचा वर्ग कोण झाडतं?"

आमच्या बाई एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "कस्तुरी, ये गं बाळा बाहेर."

मी रिबिनी झटकत आले, जपानला हात करणार, तर बाईंनी झाडूच काढून घेतला आणि माझ्यापुढे उभं राहून स्वतःच झाडायला लागल्या, तेही कचरा दाराकडून आत ढकलत. जपाननं टाळ्या वाजवल्या.

कॉल संपला, तसा बाईंनी झाडू परत माझ्या हातात दिला. "हं, आता नीट झाड."