कवळीचा रंग

नवी कवळी बसवून अंजनाबाईंनी आरशात पाहिलं. दात ठीकच होते. पण हिरड्या कशा, रामटेकच्या जत्रेतल्या बाहुलीसारख्या गुलाबी! त्यांच्या स्वतःच्या हिरड्या तर जन्मापासून जांभळासारख्या काळ्या. त्यांनी कवळी काढून डॉक्टरांच्या हातात ठेवली. “काळ्या हिरड्यांची बनवून द्या जी.” डॉक्टर हसले. “आजी, गुलाबी हिरड्यांनी हसू खुलून दिसतं. सगळे हाच रंग मागतात.” “मले नाही पाहिजे.” “पण का?” अंजनाबाईंनी शेजारी बसलेल्या नातीकडे बोट दाखवलं. “हे पोट्टी माह्यावर गेली. काळ्या हिरड्या दिसतीन म्हणून तोंडावर हात ठेवून हासते. आता मीच गुलाबी लावली, त तिले कोन्त्या तोंडानं समजावू?” डॉक्टर नरमले. “बरं. पण नेमका रंग कोणता?” नातीला हसू आलं, हात सवयीनं तोंडाकडे गेला. अंजनाबाईंनी तो मधेच धरला. “हास वं. डॉक्टरले रंग दिसू दे.”