लाडवाच्या डब्यातली गोळी

“कोणती गोळी चालू होती?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“कुठलीच न्हाई,” वनमाला म्हणाली. काल वडवणीहून दोन एसट्या बदलून ती अंबाजोगाईच्या या दवाखान्यात आली, रात्रभर फरशीवर बसली. खोटं बोलायचाही आता तिला कंटाळा आला होता.

खाटेवर तिची लेक, सत्यशीला. लग्न होऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत आणि हातावरची मेंदी कातडीसकट सोलून निघायली. तोंडात आतपर्यंत फोड. बोलणं बंद, पाणीसुद्धा चमच्यानंच जायचं. सासरच्या बायका म्हणाल्या, हळद बाधली. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवली. हळद बिचारी कधी कुणाला बाधली का?

“औषध उलटलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिचं अंगच हिच्या कातडीवर उठलंय. ती गोळी आजच्या आज थांबली नाही, तर पोरगी हाती लागायची नाही.”

लग्नाच्या महिनाभर आधी पोरीला फेफरं आलं होतं. तेव्हापासून गोळी सुरू. सासरी कळलं तर माघारी धाडतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. ‘काहीबी होऊ दे, गोळी चुकवू नको,’ हे वनमालानंच बजावलेलं. आज सकाळीही, येताना पदरात बांधून आणलेली गोळी तिनंच चमच्यात कुस्करून पाजली होती.

पलीकडं सत्यशीलाची सासू, भिवराबाई, कमरेची पिशवी चाचपत होती. तिनं गोळ्यांचं अर्धं पाकीट काढून डॉक्टरीणबाईंपुढं धरलं.

“रुखवतातल्या लाडवाच्या डब्यात तळाला व्हतं. मला वाटलं, पोर व्हऊ न्हाई म्हनून चोरून खायली. आईला जाब इचारायचा म्हनून ठिवलं व्हतं.”

डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं. “फिटची गोळी आहे. या गोळीनंच झालंय हे सगळं.”

“सकाळीबी मीच दिली,” वनमाला म्हणाली. “माझंच चुकलं. पोरीला टाकू नका, इहीनबाई.”

भिवराबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही.

“आता फिट आली तर काय द्यायचं, ते लिहून द्या,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. मग वाटी आणि चमचा उचलून तिनं वनमालाच्या हातात दिला.

“भांडायचं लई हाय, इहीनबाई. सावकाशीनं भांडू. आधी तिला पाणी पाजा.”