रोह्याची घागरवाली

रामवाडीच्या नाक्यावर हरेशने एम-एटी थांबवली, तरी मागे बसलेल्या गुणाजीने त्याच्या खांद्यावरचा हात काही काढला नाही.

"आला का माझा हवालदार?"

"आला, बा. उतर हळू."

हवालदार खरंच उभा होता. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, सिमेंटचा, सलाम ठोकत. गुणाजीनेच तो कधीकाळी केलेला. पेणातले बाकीचे कारागीर गुमान गणपती करायचे. हा मिठागरातला गडी मात्र मूर्तिकामात हात बसल्यावर रस्त्याच्या कडेला असली सोंगं उभी करत सुटला. मुंबईहून येणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे.

आता गुणाजीचे डोळे गेले होते. पावसाळ्यात काचबिंदूचं ऑपरेशन फसलं. त्या धावपळीत यंदा घरी गणपतीसुद्धा आणला नव्हता. आणि दिवाळी झाल्यापासून म्हाताऱ्याने एकच धोशा लावला होता, माझे पुतळे एकदा दाखव.

गुणाजीने हवालदाराच्या मिशा चाचपल्या, मग थबकला. "नाक कुणी नेलं रं याचं?"

हरेश हसला, पण त्याचं लक्ष पुढच्या रस्त्याकडे होतं. पुढचे दोन पुतळे रस्ता रुंद करताना कधीच गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांचं हृदय नाजूक आहे, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका. निघताना बायको, पूजा, हळूच म्हणाली होती, "हाय म्हणून सांगा. त्यांना कुठं दिसतंय?" घरात बसून सांगायला तिचं काय जातंय!

गाडी हायवेला लागली. गुणाजीचा हात खांद्यावरून डोक्यावर गेला.

"केस वाढले रं तुझे."

"मधी बारीक केले होते ना. कोंडा झाला होता."

"निकेशचा फोन?"

"परवाच आला होता, शेजारी बाबाजीकाकांकडं. मजेत हाय. सुट्टी मिळत नाय म्हणतो."

निकेश थोरला. लग्न लांबणीवर टाकून मस्कतला कंपनीत लागलेला. म्हाताऱ्याच्या तोंडी उठता बसता त्याचंच नाव. मागे बसवून हिंडवतोय एक आणि चौकशी दुसऱ्याची, याचा कुणालाही राग आला असता. हरेशने नुसती गाडी पिळली.

धरमतरला खाणावळीपुढे गुणाजीचा जिताडा होता, आ वासलेला, आत दोन पोरं बसतील एवढा मोठा मासा. तिथे आता डांबर होतं.

"हाय, बा. पण नवं कंपाउंड घातलंय. हात पोचायचा नाय."

"तोंड उघडंच हाय ना त्याचं?"

"उघडंच. आत कुत्रं झोपलंय."

गुणाजी खोकला येईपर्यंत हसला. हे कुत्रं आपल्याला सुचलं कुठून, तेच हरेशला कळेना. त्याला स्वतःची लाज वाटली आणि थोडी भीतीही.

कोलाडला रसवंतीपुढे काळा चष्मा घातलेला बैल असायचा. रसवंतीही नव्हती आणि बैलही नव्हता. गुणाजी मात्र हात पुढे करून उभा राहिला. हरेशने इकडे तिकडे पाहिलं आणि तो हात एका हॉटेलच्या सिमेंटच्या टाकीवर नेऊन ठेवला.

"ही घे पाठ."

गुणाजी बराच वेळ टाकी कुरवाळत राहिला. "चांगली राहिली रं," तो म्हणाला. हरेशला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"बा, आता घरी जाऊ. ऊन झालंय."

"एकच राहिली. रोह्याची घागरवाली. पुलाच्या अलीकडं, डाव्या अंगाला."

हिचं नाव हरेशने कधी ऐकलं नव्हतं. वाटभर त्याला चैन पडेना. रोह्याला, पुलाच्या अलीकडे, त्याने गाडी उभी केली. डावीकडे वडापावची गाडी, एक टपरी, मागे शेत.

"दिसली?"

हरेशने टपरीकडे पाहिलं. "दिसली."

"घागर कुठं हाय?"

"कमरेवर. डाव्या हातानं धरलीय."

"आणि लुगडं?"

"हिरवं. रंग थोडा उडालाय." म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने आणखी भर घातली. "पण तोंड काय केलंयस, बा! आता बोलेल असं वाटतं."

गुणाजीने मान हलवली. चाचपडत तो गाडीवरून उतरला, हरेशचा हात शोधून त्याने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"रोह्यात मी जन्मात पुतळा केला नाय, हरेश." त्याचा आवाज अगदी शांत होता. "आता आपल्या निकेशचं खरं सांग. कवा गेला तो?"