जवसाचे दार

ओरेस्टने दारावर नाणे वाजवले आणि कान जवळ नेला. ठप्. वीतभर पुढे सरकून पुन्हा वाजवले. ठप्.

दार छोट्या विमानाचे होते. अजून रंग न दिलेले, मधासारखे पिवळे. जवसाच्या काड्यांतून काढलेल्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून, थरावर थर दाबून लिओनाने ते घडवले होते. थरांमध्ये कुठेतरी तिने मुद्दाम नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा ठेवला होता. तो सापडला, तरच ओरेस्ट सही करणार होता. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या उत्तर भागात, तळ्यांवर उतरणारी विमाने तपासणाऱ्याजवळ नाण्यावाचून फारसे काही नसते. आतले थर सुटले की आवाज बदलतो. ज्यातली खोट ओळखता येत नाही, ते दार कितीही मजबूत असले तरी उडणार नव्हते. लिओनाची चार वर्षांची मेहनत मग इथेच थांबली असती.

“कार्बनच्या धाग्यांचं दार कसं खणखणीत बोलतं,” ओरेस्ट म्हणाला. “हे रुसून बसलंय. सगळीकडे एकच सूर.”

“जवस आवाज पिऊन टाकतो. आत बसणाऱ्याला इंजिनाचा त्रास कमी.”

“आणि बाहेर उभ्या असलेल्याची पंचाईत. मी आपला जवस सकाळच्या लापशीत घालतो, पोरी. विमानात नाही.”

“म्हणून तर एकाहत्तराव्या वर्षी शिड्या चढताय.”

तो हसला, पण नाणे खिशात टाकून त्याने नकार लिहायला तपासणीचा कागद पुढे ओढला. पेनाचे टोपण काढता काढता तो थांबला. खिडकीतले ऊन दाराच्या मागच्या बाजूला पडले होते, आणि दाराची कड आतून उजळल्यासारखी दिसत होती.

“धर बघू हे उभं.”

त्याने हातदिवा दारामागे नेला. आडवे-उभे धागे एकेक करून दिसू लागले.

“काय बघताय?”

“आई अंडी अशीच बघायची. बाजारात न्यायच्या आधी, तळघरात, मेणबत्तीपुढे धरून. तडा म्हणू नकोस, रक्ताचा ठिपका म्हणू नकोस, सगळं दिसायचं.” दिवा सावकाश सरकत होता. कडीच्या खाली एक चौकोनी सावली उमटली. “हा घे तुझा तुकडा!”

लिओनाने रोखलेला श्वास सोडला. “हातदिवा तर सगळ्यांकडे असतो, ओरेस्ट.”

“असतो. फक्त रंगाचा डबा दूर ठेव. रंग दिला की उजेड आरपार जायचा नाही.”

बोलता बोलता त्याचा हात बिजागरीपाशी पोहोचला आणि तिथेच थबकला. तिथे वाटाण्याएवढा एक दुधाळ डाग होता, आतले थर सुटल्यासारखा.

“तुकडे किती ठेवले होतेस?”

“एकच. हा माझा नाही.”

सहीचा कागद टेबलावर कोराच होता. लिओनाने वाकून तो डाग पाहिला. मग तिने पेन्सिल घेतली आणि त्याच्याभोवती बारीक वर्तुळ काढले.

“दिवा जरा डावीकडे घ्या,” ती म्हणाली. “अजून आहेत का, बघू.”