वरच्या तबकातली मेणबत्ती

"मावशी, वरची वाळू जिवंत माणसांसाठी असते," लेफ्तेरिस हळूच म्हणाला.

आर्जिरोने नवऱ्याच्या नावाची मेणबत्ती वाळूच्या वरच्या तबकात रोवली होती. मेलेल्यांच्या नावाच्या मेणबत्त्या खालच्या तबकात लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"डोळे गेलेत माझे," ती म्हणाली.

लेफ्तेरिसने ती मेणबत्ती उपटली आणि खालच्या वाळूत नीट उभी केली.

"तू लावलीस ना? मग आता ती तुझ्या बापाची." आर्जिरोने किल्ल्या उचलल्या. मारियामातेच्या या मठात आता साधू उरले नव्हते. किल्ल्या तिच्या सासरच्या घरी असत.

लेफ्तेरिस शेजारच्या बेटावरचा कोळी. आठवडाभर तो पुळणीमागून पुळण आणि मठामागून मठ पालथा घालत होता. समुद्र बुडालेला माणूस जिथे आणून टाकतो, तिथल्याच मठात तो पुरला जातो. त्याचा बाप सात वर्षांपूर्वीच्या हिवाळी वादळात गेला. आर्जिरोचा नवरा, कॅप्टन झान्निस, त्याच वादळातला.

"आई यंदा गेली," लेफ्तेरिस म्हणाला. "बाबांची हाडं आणून शेजारी ठेव म्हणाली. रिकाम्या खड्ड्याशेजारी मला झोप लागायची नाही म्हणाली."

"बायका मरतानासुद्धा कामं सांगून जातात."

तो हसला. ते दोघं काळ्या पुळणीवर उतरले. खडे पायाखाली करकरत होते.

"इथे त्या वर्षी कोणी लागलं होतं का?"

"लागला होता. माझा नवरा. वादळानंतर सरपण वेचायला आले होते, एकटीच. त्या खडकापाशी पालथा पडला होता."

लेफ्तेरिसने छातीवर क्रूस काढला. "ओळखलात कसा?"

"मी विणलेला स्वेटर अंगात होता. मासे तोंड खातात, लोकर खात नाहीत."

तो त्या खडकापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "बाबांना ओळखणं सोपं आहे. डाव्या नडगीत लोखंडाची पट्टी होती. मोडलेला पाय डॉक्टरांनी जोडला होता."

आर्जिरोने किल्ल्या कमरेला खोचल्या.

"उद्या पहाटेच्या होडीनं संत निकोलसच्या मठात जा," ती म्हणाली. "त्याच्या मागे बिननावाची थडगी आहेत. इथे वेळ घालवू नकोस."

उद्या सकाळी झान्निसची हाडं वर काढायची होती. इथे माती कुणालाच कायमची मिळत नाही. काही वर्षांनी हाडं काढायची, दारूने धुवायची, पेटीत भरून ठेवायची. आणि आर्जिरोचा सगळा मान त्या एका थडग्यावर उभा होता. चर्चमधली पुढची खुर्ची कॅप्टनच्या विधवेची. ती दुकानात शिरली की बायका रांग सोडायच्या.

संध्याकाळी नणंद फोतिनी आली, तेव्हा आर्जिरो अंधारात बसून मोज्याची टाच विणत होती. एक टाका चुकत नव्हता.

"झान्निसच्या नावानं वाटायचे गहू उकडून ठेवलेत, वहिनी. उद्या सगळं गाव येणार."

"पुढच्या वर्षी काढू. जमीन ओली आहे."

"ऑगस्टात?"

"माणूस पुरता विरला नसला तर? गाव म्हणेल, कॅप्टनला शाप लागला."

"माझा भाऊ काही तुझ्या जिभेसारखा चिवट नव्हता." फोतिनी खुर्ची ओढून बसली. "आईचं आज-उद्यावर आलंय. तिला त्याच जागेत निजायचंय."

"मरायच्या आधीच माप घेतलंस का तिचं?"

खिडकीची झडप आपटली. उत्तरेचा वारा उठला होता.

सकाळी एकही होडी सुटली नाही. लेफ्तेरिस टोपी हातात धरून दफनभूमीच्या फाटकाशी उभा होता. त्याला पाहून आर्जिरोने काळा रुमाल कपाळावर ओढला.

फावडं फळीला लागलं. फोतिनी खड्ड्याशी गुडघे टेकून बसली. आधी कवटी आली. तिने तिचं चुंबन घेतलं, रडली. मग हात, बरगड्या. एकेक हाड दारूच्या परातीत पडत होतं. बायका हळू आवाजात गात होत्या. डावी नडगी वर आली तेव्हा गाणं थांबलं.

"हे काय?" फोतिनी म्हणाली. "झान्निसचा पाय कधी मोडला होता?"

गंजलेली पट्टी हाडाला धरून होती. गर्दीतून वाट काढत लेफ्तेरिस आला आणि मातीतच बसला. "ही पट्टी माझ्या बाबांची," तो म्हणाला.

सगळं गाव आर्जिरोकडे पाहू लागलं. मग कुणीतरी म्हणालं, "बिचारी." कुणी खुर्ची आणली. पाद्रीबुवा म्हणाले, "समुद्रानं दोन घरांना फसवलं."

आर्जिरो खुर्चीत बसली नाही. उरलेली हाडं तिने स्वतः धुतली, पुसली, पेटीत भरली आणि पेटी लेफ्तेरिसच्या हातात दिली.

"ने. सात वर्षं याचा दिवा विझू दिला नाही मी. तुझ्या आईच्या थडग्याशी सांग."

त्याने तिच्या हातावर कपाळ टेकलं.

"पण स्वेटर, वहिनी?" फोतिनी डोळे पुसत म्हणाली. "स्वेटर तर झान्निसचाच होता. मीही ओळखला होता."

"बुडताना कोण कुणाला काय देतं, पाहिलंय कुणी?"

फोतिनीने तोंडावर हात ठेवला. दुपारपर्यंत गावभर झालं की कॅप्टनने मरताना अंगातला स्वेटर काढून परक्या माणसाला घातला. पाद्रीबुवांनी त्याच्या नावाचा दगड चर्चच्या भिंतीत बसवायचं ठरवलं. आर्जिरोची पुढची खुर्ची हलली नाही.

ती घरी आली. दारामागे रिकामा खिळा होता. सात वर्षांपूर्वी, वादळाच्या आधीच्या पहाटे, झान्निस निघून गेला तरी स्वेटर तिथेच लटकत राहिला होता. "राहू दे तो," होडीचा दोर खांद्यावर टाकत झान्निस म्हणाला होता, "पलीकडच्या किनाऱ्यावर माझ्यासाठी विणणारी आहे."