काटक ससे

मे महिन्याच्या दुपारी कुरुंद्यातल्या शेडचा पत्रा तापला होता. नुकतीच बीएस्सी झालेली प्रतिक्षा ओलं पोतं हातात धरून सशांच्या पिंजऱ्यांपुढे थांबली. ते पिंजऱ्यांवर टाकलं नाही, तर उन्हाला टिकणारेच उरतील आणि पुढे त्यांचीच पैदास करता येईल, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात वडिलांचा लाडका थोराड नर तोंड उघडून धापा टाकू लागला. “काहून थांबली? जीव चालला त्याचा!” वडील ओरडले. “बाबा, काटक ससे पाहिजेत ना आपल्याला?” “मारून निवडती व्हय?” तिनं चटकन पोतं पिंजऱ्यावर टाकलं. शेजारच्या पिंजऱ्यातली बारकी मादी मात्र निवांत हिरवा घास खात होती. तिच्याकडे बोट दाखवत प्रतिक्षा म्हणाली, “धाप कोणाला लागली, एवढंच बघून निवडता येतंय. पिल्लं हिचीच घेऊ, त्याची न्हाई.” वडिलांनी डोक्याचा रुमाल भिजवून नराच्या तापलेल्या कानांवर धरला. “न्हाई तर न्हाई,” ते त्याला म्हणाले, “दम घे, बापा.”